थंडावा मोजून द्यायचा: नाशिकच्या एचव्हीएसी चॅप्टरला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये हीटिंग, व्हेंटिलेशन, एअर कंडिशनिंग आणि रेफ्रिजरेशनचं काम करणाऱ्या आम्हा इंजिनिअर मंडळींचा एक चॅप्टर आहे. काही प्रश्न फोनवर येतात, काही व्याख्यानानंतर चहा पिताना, तर काही ऐन हंगामात पॅकहाऊसच्या, म्हणजे द्राक्षं बॉक्समध्ये भरून गार करण्याच्या शेडच्या, दारात उभं असताना. नेहमी कानावर येणारे असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं कमिटीतल्या एकाने लिहिली आहेत, त्यामुळे मध्येच 'मी' आला तर तो मीच.

चॅप्टर म्हणजे नेमकं काय?

एकाच धंद्यातली माणसं महिन्यातून एकदा एकत्र बसतात, तो हा चॅप्टर. यात सल्लागार आहेत, ठेकेदार आहेत, कारखान्यांच्या युटिलिटी विभागात काम करणारे आहेत, चिलर आणि डक्ट विकणारे आहेत, कोल्ड स्टोरेज चालवणारे आहेत. बाहेर हे सगळे एकमेकांचे स्पर्धक असतील, पण बैठकीत कोणी कोटेशन काढत नाही. झालेलं काम, फसलेलं काम आणि त्यातले आकडे मांडले जातात. फसलेल्या कामावर बोलायला आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ दिला जातो, आणि तो द्यायलाच हवा असं मला वाटतं.

तुमच्या बोलण्यात 'इश्रे' आणि 'ॲशरे' सारखं येतं. ते काय आहे?

इश्रे ही या क्षेत्रातल्या भारतीय इंजिनिअरांची संस्था, १९८१ साली दिल्लीत स्थापन झालेली. ॲशरे ही अमेरिकेतली, तिची मुळं १८९४ पर्यंत जातात. आपण रोज वापरतो ती बरीचशी कोष्टकं आणि मानकं या दोन्हींकडून आलेली आहेत. आपल्या इमारतींसाठी मात्र २०१६ ची राष्ट्रीय बांधकाम संहिता आधी उघडावी. तिच्या आठव्या भागात वातानुकूलन आणि व्हेंटिलेशनवर स्वतंत्र प्रकरण आहे.

मुंबई-पुणे जवळच आहेत. नाशिकला वेगळा चॅप्टर कशाला?

कारण नाशिकची हवा वेगळी आहे, आणि हे अगदी शब्दशः खरं आहे. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे. इथली हवा मुंबईच्या हवेपेक्षा सुमारे ७ टक्के हलकी. ब्लोअर तेवढंच घनफळ ढकलतो, पण त्या घनफळात हवा कमी आणि ती उष्णताही कमी वाहून नेते. किती हवेत किती उष्णता जाईल, या हिशेबात आपण डोळे झाकून १.०८ चा गुणक धरतो, तो समुद्रकाठचा. नाशिकला तो जवळपास १ वर येतो. म्हणजे मुंबईच्या शीटवर १,००० सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा) निघालं, तर इथे साधारण १,०७५ लागतात. मुंबईत तयार झालेलं डिझाइन सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात जसंच्या तसं बसवतात, मग उन्हाळ्यात शेवटच्या टोकाच्या खोलीत कूलिंग येत नाही आणि दोष मशीनला जातो.

दुसरं कारण म्हणजे इथलं काम. मुंबईत आमच्या धंद्याचा बराच भाग ऑफिसं आणि मॉल असतो. इथे दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत पट्ट्यातली प्री-कूलिंग (तोडलेला माल साठवण्याआधी झटपट गार करणं) आणि कोल्ड स्टोरेज आहेत, वायनरीतल्या ग्लायकॉल चिलरवर (सहज न गोठणारं द्रावण गार करून फिरवणाऱ्या यंत्रावर) चालणाऱ्या स्टीलच्या टाक्या आहेत, लासलगावचा कांदा आहे, औषध कारखान्यांच्या क्लीनरूम आहेत. पांढऱ्या वाइनचं फर्मेंटेशन १२ ते १६ अंशांच्या आसपास धरून ठेवायचं असतं, आणि आंबताना रस स्वतःच उष्णता सोडत असतो. त्या टाकीशेजारी रात्र काढलेला माणूस आपल्या गावात असताना त्याचा अनुभव गावातल्यांना मिळायला नको का?

एवढ्या उन्हाच्या गावात हीटिंग कशाला?

निफाडकडच्या माणसाने हे कधी विचारलं नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा जानेवारीत किती खाली जातो, ते तिकडच्या बागायतदारांना चांगलं माहीत आहे. पण आमचं हीटिंग मुख्यतः कारखान्यांतलं: बॉयलरची वाफ, पेंट शॉपच्या भट्ट्या, हवेतली आर्द्रता काढण्यासाठी लागणारं रीहीट, म्हणजे गार केलेली हवा परत थोडी तापवणं. हॉटेलं आणि हॉस्पिटलांत गरम पाण्यासाठी हीट पंप येऊ लागले आहेत. ते विजेच्या एका युनिटमध्ये साधारण तीन युनिट उष्णता देतात, कारण उरलेली ते बाहेरच्या हवेतून उचलतात. साधा गीझर एकाला एकच देतो.

वर्षभरात काय काय चालतं?

आमचं कॅलेंडर द्राक्षांच्या हाती आहे. जानेवारी ते एप्रिल निम्मे सदस्य पॅकहाऊसवर असतात, म्हणून त्या दिवसांत मोठं व्याख्यान ठेवत नाही. ठेवलं तरी मागच्या खुर्च्या रिकाम्या राहतात. खरा अभ्यास पावसाळ्यात होतो. २६ जूनला जागतिक रेफ्रिजरेशन दिन असतो. तो लॉर्ड केल्व्हिन यांचा जन्मदिवस. त्या दिवशी शाळांत जातो. १६ सप्टेंबरला ओझोन दिन; १९८७ चा माँट्रियल करार त्या तारखेचा. तेव्हा मेकॅनिकसाठी गॅस हाताळणीची कार्यशाळा असते. बाकी महिन्याची बैठक, एखादी साइट भेट आणि दिवाळीनंतर पॅकहाऊसच्या ऑपरेटरांचं प्रशिक्षण. वर्षातलं सगळ्यात मोलाचं काम कुठलं, असं मला विचाराल तर हे शेवटचं.

त्या प्रशिक्षणात एवढं काय असतं?

मुख्यतः एक सवय लावायची असते. पॅनेलवरचा आकडा पाहून थांबायचं नाही, द्राक्षाच्या मण्याचं तापमान घ्यायचं.

निर्यातीची द्राक्षं तोडल्यापासून चार ते सहा तासांत प्री-कूलिंगला लागायला हवीत, आणि पुढच्या सहा-आठ तासांत मणी आतून ४ अंशांच्या खाली यायला हवा. मग ० अंशाच्या आसपास आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत साठवण. पुढे न्हावा-शेव्याहून युरोपपर्यंत कित्येक दिवसांचा समुद्रप्रवास. सुरुवातीला झालेला उशीर तिकडे देठावर दिसतो. देठ सुकून तपकिरी पडलेला असतो आणि तो परत हिरवा करता येत नाही.

एका मार्चमध्ये दिंडोरी बाजूच्या एका पॅकहाऊसमधून रात्री साडेदहाला फोन आला. माल सहा तासांपासून चेंबरमध्ये होता, पॅनेल १ अंश दाखवत होतं, पण बॉक्स हाताला गार लागत नव्हते. आधी येऊन गेलेल्या कोणीतरी 'कॉम्प्रेसर गेला, नवा टाकावा लागेल' असं सांगून ठेवलं होतं. मीसुद्धा पहिला अर्धा तास एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी घालवला, ही माझी चूक. मग सुईचा थर्मामीटर काढला आणि बाहेरच्या रांगेतल्या एका मण्यात टोचला: ३ अंश. मधल्या रांगेतला बॉक्स काढला, मधल्या घडातला मणी टोचला: ११. यंत्र ठीक होतं, थंड हवा मधल्या मालापर्यंत पोहोचतच नव्हती. टॉर्च मारून पाहिलं तर दोन थप्प्यांवर अंथरलेली ताडपत्री शेवटच्या टोकाला वीतभर आखूड पडली होती. हवा बॉक्समधून न जाता तिथूनच सरळ पंख्याकडे पळत होती. त्यात एक थर आडवा रचलेला, म्हणजे त्या बॉक्सची भोकं शेजारच्यांच्या भोकांसमोर येतच नव्हती. पोरांनी थर फिरवला, ताडपत्री ओढून कडेला लाकडी पट्टी दाबली. पंख्याचा आवाज तिथल्या तिथे बदलला. अडीच तासांनी मधला मणी ४ वर आला. बागायतदार काका रात्रभर तिथेच क्रेटवर बसून होते, त्यांची वर्षाची कमाई त्या चेंबरमध्ये होती.

ती वीतभर फट आम्ही प्रशिक्षणात मुद्दाम सोडतो आणि ऑपरेटरला शोधायला लावतो. आणखी एक गोष्ट हाताने करून दाखवतो: ग्रेप गार्डचा कागद, म्हणजे बुरशी रोखायला बॉक्समध्ये ठेवतात तो गंधकाचा वायू सोडणारा कागद, प्री-कूलिंग झाल्यावरच ठेवायचा. कोमट मालावर ठेवला तर आत पाणी सुटतं, त्या ओलाव्याने तो वायू एकदम बाहेर पडतो आणि मणी पांढरट पडतात.

कांद्याचं काय? कांदा कोल्ड स्टोरेजला ठेवावा का?

हा प्रश्न भाव पडले की येतो. सरळ सांगायचं तर कांद्याला गारव्यापेक्षा वारा जास्त हवा. चांगल्या कांदाचाळीत खालून आणि बाजूंनी हवा खेळते आणि कांदा २५ ते ३० अंशांत, ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत टिकतो. कोंब लवकर फुटतात ते मधल्या तापमानात, साधारण १० ते २० अंशांदरम्यान. म्हणून 'थोडासा गार' ठेवलेला कांदा सगळ्यात लवकर वाया जातो. शीतगृहात ठेवायचाच असेल तर ० अंशाच्या जवळ आणि कोरड्या हवेत, आणि बाहेर काढल्यावर लगेच विकायचा, कारण उबेत आला की तो झपाट्याने फुटतो. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं विकिरण केंद्र २००२ पासून आहे. तिथे किरणांच्या अगदी थोड्या मात्रेने कोंब येणं थांबवता येतं, पण सडण्यावर तो उपाय नाही. चाळ बांधण्याआधी नकाशा घेऊन या, वाऱ्याची दिशा आपण मिळून पाहू.

मी इंजिनिअर नाही, एसी मेकॅनिक आहे. मला येता येईल का?

या, नक्की या. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड केलेला असो किंवा एखाद्या उस्तादाच्या हाताखाली शिकलेला असो. आम्ही कागदावर कितीही हिशेब केले तरी फ्लेअर नट शेवटी तुमच्याच हाताने आवळला जातो. कार्यशाळेत नायट्रोजन सोडत ब्रेझिंग करणं, व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनपर्यंत (नळीत उरलेल्या दाबाचं माप) उतरवून तो टिकतो का पाहणं आणि गॅस वजन करून भरणं, हे प्रत्येकाला स्वतः करायला मिळतं. भाषा मराठी आणि हिंदी. इंग्रजी येत नाही म्हणून कोणी मागच्या रांगेत बसू नये.

घरच्या एसीत दरवर्षी गॅस भरावा लागतो का?

नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. ती न शोधता वरून भरलेला गॅस महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा हवेत जाणार, आणि तुमचे पैसे त्याच्याबरोबर. मेकॅनिक आला की त्याला तीन गोष्टी विचारा: गळती कुठे सापडली, नायट्रोजनने प्रेशर टेस्ट केली का, आणि गॅस किती ग्रॅम भरला. घरगुती स्प्लिट एसीत गॅस जेमतेम किलोभर किंवा त्याहूनही कमी असतो, म्हणून शंभर ग्रॅमची चूकसुद्धा जाणवते. काम करणाऱ्या भावाला हे प्रश्न आदराने विचारा. ज्याला काम येतं तो आनंदाने दाखवतो.

आणि त्याआधी फिल्टर धुवा. 'कूलिंग येत नाही' या तक्रारीत कितीदा तरी तेवढंच निघतं.

नवीन एसीतला गॅस पेट घेतो, हे खरं का?

अर्धं खरं. सध्या बहुतेक नव्या एसींत आर-३२ असतो. तो मंद ज्वलनशील वर्गातला आहे. व्यवस्थित बसवलेल्या एसीत घरच्यांना काळजीचं कारण नाही, पण मेकॅनिकने मात्र सवयी बदलायला हव्यात. गॅस काढल्याशिवाय ब्रेझिंगचा टॉर्च पेटवायचा नाही, खोली बंद ठेवायची नाही, विडी-सिगारेट दूर. आर-२९० म्हणजे प्रोपेन, तो चांगलाच पेट घेतो. जुन्या आर-२२ च्या मशीनमध्ये 'स्वस्त पडतो' म्हणून तो भरणं जिवावर बेतू शकतं, कारण ते मशीन त्यासाठी बनवलेलं नसतं.

मग गॅस बदलतातच का? आर-२२ ओझोन खातो, आणि त्याची आपल्याकडची मुदत २०३० ला संपते. त्यानंतर आलेला आर-४१०ए ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून भारी. आर-३२ सुमारे ६७५ पट, प्रोपेन अगदी नगण्य. माँट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार २०२८ पासून आर-४१०ए, आर-३२ अशा वायूंच्या वापरावर मर्यादा येईल आणि २०४७ पर्यंत तो ८५ टक्क्यांनी उतरवायचा आहे. आज विशीत असलेल्या मेकॅनिकची सगळी नोकरी या बदलातच जाणार आहे. त्याला आजच शिकवायचं ते याचसाठी.

नाशिकला कूलर पुरतो की एसीच हवा?

महिना कोणता, त्यावर आहे. मेमधल्या दुपारी ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर चांगल्या पॅडचा कूलर साधारण २५ अंशांची हवा देतो. त्यासाठी हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत कूलर लावून घामाघूम होणारे खूप भेटतात. जुलैत तोच कूलर काही कामाचा नाही, हवा आधीच ओली असते. कारखान्याच्या मोठ्या शेडसाठी डक्टिंग कूलर नाशिकला फार चांगला पर्याय आहे, आणि विजेचा खर्च एसीच्या मानाने बराच कमी. एसी घेतलाच तर २४ वर ठेवा. २०२० पासून स्टार लेबलचे एसी २४ वरच सुरू होतात. एक अंश वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो.

आमच्या गावाजवळ अमोनियाचं कोल्ड स्टोरेज आहे. भीती बाळगावी का?

भीती नको, माहिती हवी. अमोनिया ओझोनला किंवा हवामानाला धक्का लावत नाही, विजेला किफायतशीर आहे, आणि धोक्याच्या पातळीच्या कितीतरी आधी त्याचा वास नाकाला झोंबतो. पण हवेच्या दहा लाख भागांत तो ३०० भागांवर गेला की जिवाला तत्काळ धोका मानतात. गळती झाली तर वाऱ्याला आडवं चालत बाहेर पडायचं आणि मग वारा जिथून येतो त्या बाजूला जायचं. नाकातोंडावर ओलं फडकं. डोळ्यांत गेला तर पंधरा मिनिटं साध्या पाण्याने धूत राहायचं. साठलेल्या द्रव अमोनियावर पाणी ओतायचं नाही, त्याने तो आणखी जोरात उकळतो. मदतीसाठी ११२. ही माहिती रखवालदारापासून पॅकिंगच्या ताईंपर्यंत सगळ्यांना हवी. ज्या कोल्ड स्टोरेजला सराव घ्यायचा असेल त्यांनी कळवावं, आम्ही येतो.

विद्यार्थ्यांसाठी काय आहे? मुलींना या क्षेत्रात वाव आहे का?

डिप्लोमा, डिग्री आणि आयटीआयच्या मुलांना बैठकीला मोफत प्रवेश आहे आणि साइट भेटीत त्यांना पहिली जागा. शाळेत गेलो की हमखास येणारा प्रश्न: 'दीड टनाचा एसी म्हणजे दीड टन वजनाचा का?' एक टन म्हणजे २,००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळायला लागेल तेवढी उष्णता, साधारण साडेतीन किलोवॅट. मुलांसमोर बर्फाची लादी ठेवून हे सांगितलं की ते विसरत नाहीत.

मुलींबद्दल: डिझाइन, ऊर्जा लेखापरीक्षण, क्लीनरूम व्हॅलिडेशन, या सगळ्यांत त्या उत्तम काम करत आहेत. साइटवर स्वच्छतागृह नाही, ही अडचण त्या सांगतात, आणि ती खरी आहे. ठेकेदार सदस्यांकडे आम्ही त्याचा आग्रह धरतो.

चांगला ठेकेदार सुचवाल का?

नाव सुचवत नाही, कारण सगळेच सदस्य आहेत. पण दोन कोटेशनं घेऊन आलात तर त्यातले आकडे समजावून सांगतो: हीट लोड, म्हणजे खोलीतून किती उष्णता काढायची आहे त्याचा हिशेब, काढला आहे का, उंचीची दुरुस्ती धरली आहे का, ताजी हवा किती, ऑपरेशन थिएटर असेल तर तासाला हवा किमान २० वेळा बदलते का. हीट लोडचा कागद नसेल तर कोटेशन परत पाठवा.

सभासद कसं व्हायचं?

एक बैठक पाहा, मग फॉर्म भरा. विद्यार्थी, मेकॅनिक आणि इंजिनिअर यांची वर्गणी वेगवेगळी आहे, ती बैठकीत समजेल.

पहिल्या बैठकीला येताना काय आणू?

तुमच्याकडे असेल तो थर्मामीटर. दाराशी एका टेबलावर थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि त्यात बर्फ भिजेल इतकंच पाणी असतं. ढवळून त्यात टोक बुडवा, भांड्याच्या तळाला किंवा कडेला लागू देऊ नका, आणि दोन मिनिटं थांबा. आकडा ० यायला हवा. १.२ आला तर १.२ च, चिकटपट्टीवर तारखेसकट लिहा आणि थर्मामीटरला चिकटवा.